गोल नाकाचं इंजिन

दिवाळी सरली की आमच्या दुकानात जळक्या मोटारींची रांग लागते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू होतं, लाइट कमी दाबाची येते, मोटार ओढत राहते आणि एक दिवस वास मारून बसते. खामगावात आमचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. आतलं काम नवरा आणि कारागीर बघतात, बाहेरचं मी. गिऱ्हाईक तावात असतं, पीक सुकत असतं, कुणालाच उद्या चालत नाही. अशा दिवसांत आठवणी काढायला मला वेळ नसतो, आणि तशी हौसही नाही. पण यंदा नेमक्या याच दिवसांत मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली. नातवाची छाती भरली होती. डॉक्टरांनी घरीच वाफ द्यायला सांगितली, म्हणून तिनं त्याचं मशीन विकत आणलं. खोक्यातून काढलं तर ते रेल्वेच्या इंजिनाच्या आकाराचं निघालं. निळं, गोल नाकाचं, पुढं दिवा, खाली खोटी चाकं.

"मुलं घाबरत नाहीत ना मग, म्हणून असं करतात," मुलगी म्हणाली.

मी ते हातात घेऊन उभीच राहिले.

"काय गं आई, बिघडलेलं आहे का?"

"नाही, चांगलं आहे," म्हटलं आणि प्लग लावून दिला.

माझी आई, म्हणजे आमची माय, कॉटवर बसली होती. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. "कायचा आवाज येऊन राह्यला वो?" तिनं विचारलं.

"बाळाची वाफेची मशीन हाय, माय."

भुरभुर आवाज करत मशीन चालत राहिलं. मास्कच्या कडेनं पांढरी वाफ निघून बाळाच्या कपाळावर चढत होती. मी बाहेर काउंटरवर गेले आणि एका माणसाला त्याची मोटार झालेली नसताना तयार आहे म्हणून सांगून बसले. असं माझं सहसा होत नाही.

माझं लहानपण नांदुऱ्याचं. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. शाळेत गुरुजी नव्या राज्याचा नकाशा काढायला लावत आणि त्यात आपला जिल्हा बोटानं दाखवायला सांगत. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचं दुरुस्तीचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना मिस्तरी म्हणे. स्टो, बॅटऱ्या, गॅसबत्त्या, इस्त्र्या, आणि कापसाच्या जिनवाल्या शेठजींच्या किंवा वकिलांच्या घरचे रेडिओ त्यांच्याकडे येत. दुकानात रॉकेलचा आणि तापलेल्या डागाचा, म्हणजे पत्रा जोडायच्या कथलाचा, वास कायम असे. बाबांच्या सदऱ्याला तोच, आमच्या गोधड्यांनाही तोच.

त्या काळातल्या वस्तू आठवल्या की वाटतं, त्यांना कुठंतरी पोचायची घाई होती. रेडिओ म्हणजे उन्हात राहिलेली गुळाची ढेप, सगळे कोपरे वितळून खाली उतरलेले. इस्त्रीला होडीसारखं टोक. टेबल फॅनचं मागचं डोकं लांबट अंड्यासारखं. साध्या बॅटरीच्या नळीवरसुद्धा मागं धावणाऱ्या रेघा, जशी काही ती हातातून सुटून पळणार आहे. एकदा वडनेरच्या एका शेतकऱ्यानं दुकानातला रेडिओ सगळीकडून न्याहाळला आणि विचारलं, "मिस्तरी, इंजिनाचं नाक गोल असते ते समजते. रेडिओ काऊन गोल केला? तो कुठं पळून राह्यला?"

बाबा मान वर न करता म्हणाले, "मुंबईहून आवाज इथलोक येते ना. त्याले रस्त्यात हवा लागत नाई का?"

शेतकऱ्यानं थोडा विचार केला. "लागत असन बा," तो म्हणाला आणि निघून गेला.

बाबांना कोपऱ्यांचा रागच होता. कोपरा दिसला की ते कानस काढत. घरातल्या पाटांचे कोपरे गेले, चौरंगाचे गेले, माझ्या पाटीच्या लाकडी चौकटीचे गेले. शाळेत माझी पाटी लांबूनसुद्धा ओळखू येई. माय म्हणे, "पोळपाट पयलेच गोल होता, म्हणून वाचला."

हे वेड त्यांना इंजिनानं लावलेलं. पॅसेंजरला जुनं इंजिन लागे, सपाट तोंडाचं, समोरून तव्यासारखं काळं. मेलला मात्र नवं. लांब गोल नाक पुढं काढलेलं आणि नाकाच्या टोकावर चांदीच्या रंगाची चांदणी. बायका त्याला चांदणीवालं म्हणत. मेल नांदुऱ्याला उजाडता उजाडता येई आणि जेमतेम थांबे. रविवारी बाबा आम्हाला ती बघायला नेत, मला बोटाला धरून आणि गजूला खांद्यावर घेऊन. गजू माझा धाकटा भाऊ, तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. बाबा मला सांगत, "हवा म्हंजे काईच नाई असं समजू नको, कुसुम. पळून पाय, मंग समजते छातीले कशी अडते. ह्या इंजिनाले ते समजलं हाय." मी फलाटावर पळून पाही. गजू खांद्यावर बसून तोंडानं वाफ सोडी.

पुढं त्याच्या छातीला हवा खरोखरच अडली, तेव्हा मला बाबांचं हे बोलणं आठवलं नव्हतं. आता आठवतं.

त्या वर्षी कापसाची वेचणी सुरू झाली आणि गावात डांग्या खोकला आला. ज्यानं तो ऐकला नाही त्याला सांगून समजणं कठीण. मूल एकाच दमात खोकत राहतं, तोंड जांभळं होतं, डोळे बाहेर येतात, आता संपलं असं वाटतं, आणि मग ते 'हूप' करून हवा आत ओढतं. लांब, बारीक, शिट्टीसारखं. घरातली सगळी माणसं त्या शिट्टीची वाट पाहत थांबतात. ती आली की आपापला श्वास सोडतात. गजूला वाटे आपणच इंजिन झालो. उबळ गेली, मायनं तोंड पुसलं की तो विचारी, "आली का मेल?" सुरुवातीला आम्ही हसलोही.

डॉक्टरांनी लाल औषध दिलं आणि सांगितलं, वेळ लागेल, जपा. गाढविणीचं दूध पाजून झालं. मायच्या माहेरून, वडनेरहून, मंतरलेला दोरा आला, तो गळ्यात बांधला. मग इंजिनाची वाफ.

कुणी सुरू केलं माहीत नाही, पण आमच्याकडे तेव्हा डांग्या झालेलं पोर इंजिनाच्या वाफेत धरत. इंजिन सुटताना चाकांजवळून बाजूला जोरानं वाफ सोडी. तिचा पांढरा ढग फलाटाच्या टोकाला भरून जाई. त्या ढगाच्या कडेला बायका आपापली पोरं घेऊन उभ्या राहत. हिशेब सरळ होता. जी वाफ एवढी मोठी गाडी ओढते, तिला पोराच्या छातीतला कफ ओढणं काय जड. त्यातही पॅसेंजरच्या इंजिनाची वाफ बिनकसाची आणि मेलची कसदार, असं ठरून गेलेलं होतं. सपाट तोंडाच्या इंजिनाजवळ कुणी पोर नेत नसे. नव्या वस्तूवर श्रद्धा बसायला माणसांना फार काळ लागत नाही, हे मी तेव्हापासून पाहत आले आहे.

माय रोज पहाटे गजूला गोधडीत गुंडाळून निघे, मी कंदील घेऊन मागं. रुळांपलीकडच्या वावरांत फुटलेली बोंडं अंधारातही पांढरी दिसत. फलाटाच्या टोकाला बायका जमलेल्या असत. कुणाचं पोर काल रात्री झोपलं, कुणाचं नाही, एवढंच बोलणं. मेल येऊन उभी राही, आणि सुटायच्या आधी फायरमन वरून वाकून ओरडे, "मांगं सरका मायहो. वाफ हाय ते, गुलाबपाणी नाई."

"दादा, आज जराशी जास्त सोडा ना," एकदा एक बाई म्हणाली.

"जास्त सोडली तं मलकापूरलोक गाडी तुमालेच ढकला लागन."

बायका हसल्या. हसताना प्रत्येकीचा हात पोराच्या पाठीवर फिरत होता.

मग शिट्टी होई आणि ढग येई. माय, बायका, गाडी, सगळं नाहीसं होई. कोळशाचा, तेलाचा, ओल्या लोखंडाचा वास. त्या ढगात गजू हसे. तो हसतोय एवढंच मला कळे, दिसत नसे. ढग विरला की मेल गेलेली असे आणि ओल्या अंगावर थंडी दुप्पट चावे. पण त्यानंतर थोडा वेळ त्याला उबळ येत नसे. तो थोडा वेळ हीच मायची दिवसभराची कमाई.

बाबांना ती ओली थंडी खुपत होती. एका सकाळी गजूचे भिजलेले केस पुसता पुसता ते म्हणाले, "पोराले ओलं करून गारठ्यात आणतेस."

"मंग काय करू? घरी बसून त्याच्या तोंडाकडे पाहू?"

"वाफच पाह्यजे ना? वाफ मी देतो घरी."

"किटलीची वाफ अन् इंजिनाची वाफ एक असते का?"

"पाणी तेच, आग तेच."

"मंग तुमची किटली ओढते का गाडी?" माय म्हणाली.

बाबा चहा न घेताच दुकानात गेले.

दुकानाला लागून रशीदचाचांचं दुकान होतं. ते पत्र्याचे डबे, नरसाळी आणि रॉकेलच्या चिमण्या करत. बाबांनी त्यांच्यापुढं खडूनं जमिनीवर काहीतरी काढलं. चाचांनी ते डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "क्या मिस्तरी, इंजन बनाना है? लायसन काढलं का?" त्या वेळी रेडिओलाही लायसन लागे, म्हणून ही थट्टा. मग त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं काही न विचारता कातर उचलली.

नुसती किटली चालली नव्हती, म्हणून हा खटाटोप. बाबांनी आधी साधी किटली ठेवून पाहिली होती, पण गजूनं तोंड फिरवलं. "हे चायची हाय," तो म्हणाला. मग पत्र्याचं इंजिन झालं. गोल लांब नाक, नाकावर पितळी पत्र्याची डाग देऊन बसवलेली चांदणी. पोटात स्टो आणि किटली. वाफ नाकातूनच बाहेर यावी अशी नळी. एकही कोपरा नव्हता त्याला. मी बाबांना आयुष्यात एवढं नीट काम करताना पुन्हा पाहिलं नाही, आणि ते सगळंच काम नीट करत.

गजूनं ते मान्य केलं. बाबांच्या मांडीवर बसून, तोंड उघडून तो चांदणीसमोर धरी आणि हुकूम सोडी, "सोडा मेल." बाबा तोंडानं शिट्टी वाजवत. वाफ खोलीत राहावी आणि गारठा आत येऊ नये म्हणून ते दार लावून घेत आणि खिडकीत गोणपाट कोंबत. किटलीत ओवा घातलेला असे. भिंतींना पाणी सुटे. ओवा आणि रॉकेल यांचा एकत्र वास अजून कुठं आला तर मी तिथून उठते.

काही दिवस त्याला बरं वाटलं. रात्री झोपला. मायनं स्टेशनवर जाणं थांबवलं. पहाटे मेलची शिट्टी झाली की तिचा कणकेतला हात थांबे, गाडी पुलाकडे गेल्याचा आवाज येईपर्यंत थांबे. एकदा मी विचारलं, "माय, जायचं का?"

"तुया बाबाचं इंजिन घरी हाय ना," ती म्हणाली आणि कणीक मळू लागली.

संक्रांत जवळ आली होती. शेजारी तीळ भाजत होते. भर दुपारी गजूला उबळ आली. माय होती, मी होते, बाबा जेवायला घरी आले होते, त्यांनी स्टो पेटवला होता. उबळ लांबत गेली. आणि नंतरची शिट्टी आली नाही. आम्ही नेहमीसारखी वाट पाहिली. पत्र्याच्या नाकातून वाफ येतच राहिली. शेवटी माय म्हणाली, "स्टो बंद करा," आणि बाबांनी बंद केला.

यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

स्टेशनवर जाणाऱ्या बायकांची बरीचशी पोरं दुखण्यातून उठली. पुढच्या वर्षीच्या हळदीकुंकवाला त्यांतली एक मायला म्हणाली, "तुमी इंजिनावर येत राह्यल्या असत्या तं..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. मायनं ओटीतले तीळगूळ नीट बांधले, "हाव," म्हणाली आणि घरी आली. बाबा ओसरीवर एक इस्त्री उघडून बसले होते. मला वाटलं आता घरात काहीतरी फुटणार. पण ती आत गेली आणि भाकरीला लागली. त्यानंतर मात्र पहाटे मेलची वेळ झाली की ती भांडी घासायला काढी. इतक्या जोरात घाशी की शिट्टी आम्हालाही ऐकू येत नसे.

बाबांच्या मनात काय होतं ते मला फार पुढं उमगलं, मी स्वतः या धंद्यात आल्यावर. बंद खोलीत पेटलेला स्टो माणसाच्या वाटची हवा खातो. बाबा स्टोचेच मिस्तरी. दुरुस्त केलेला स्टो गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते सांगत, खिडकी उघडी ठेवून पेटवजा. शंभरदा ऐकलेलं वाक्य आहे ते माझं. आणि आमच्याच खिडकीत त्यांनी गोणपाट कोंबलं. ज्याच्या छातीला हवा पुरत नव्हती त्याच्यासाठी. त्यांना हे कधी कळलं, त्याच दुपारी की नंतर, मी विचारू शकले नाही. बापाला असं विचारत नाहीत.

मी एकदा एका लहान मुलांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या वयात, त्या आजारात, लस नसताना मुलं जातच. स्टेशनच्या वाफेनं कुणी वाचलं नसणार आणि घरच्या स्टोनं तो गेला नसणार, बहुतेक. बहुतेक या शब्दाला मी दुकानात किंमत देत नाही. हा मात्र घरी घेऊन आले.

त्या पत्र्याचं नरसाळं झालं. बाबांनीच रशीदचाचांना ते करायला सांगितलं. पत्रा चांगला होता. चांदणी काढली तरी डागाचा पाच टोकांचा ठसा राहिला होता. त्याच नरसाळ्यानं बाबा पुढं कितीतरी वर्षं लोकांच्या स्टोमध्ये रॉकेल भरत. कुणाला हे निष्ठुर वाटेल. मला वाटत नाही. किटलीही घरात होतीच, तिच्यात चहा होई.

फक्त कानस थांबली. त्यानंतर घरात आलेल्या एकाही वस्तूचे कोपरे बाबांनी काढले नाहीत. काळही तसाच आला. रेडिओचे ट्रान्झिस्टर झाले, विटेसारखे चौकोनी. डिझेलची इंजिनं आली, कपाटासारख्या तोंडाची, मग विजेची. सगळ्या जगाचे कोपरे परत आले आणि बाबा मान खाली घालून ते दुरुस्त करत राहिले. मागे एका मोठ्या स्टेशनाबाहेर मी ते जुनं इंजिन चौथऱ्यावर उभं केलेलं पाहिलं. ताजा रंग, नाकावर चांदणी, पुढ्यात फोटो काढणारी पोरं. मी चाकांजवळ वाकून वाफ सुटायची जागा शोधली. तिथल्या नळीच्या तोंडावरूनच रंग फिरवलेला होता.

बाबा गेले तेव्हा रशीदचाचा आले. काठी टेकत, खूप थकलेले. सगळे उठून गेल्यावर माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "बेटा, गजूच्या वेळची एक गोष्ट कोणाले बोललो नाई. खड्डा तयार होता. तुया बाप आत उतरला. मी म्हटलं, मिस्तरी, अब क्या करता? तं तो हातानं कोपरे गोल करून राह्यला होता. चारही."

मी त्यांना चहा दिला. मायला हे कधी सांगितलं नाही.

परवा संध्याकाळी बाळाची वाफ झाली. ते मायच्या मांडीवरच झोपलं. मी मशीनची वायर गुंडाळत होते, तर माय म्हणाली, "आण ते इकडे."

मी इंजिन तिच्या हातात दिलं. तिनं ते एका हातानं चाचपलं. नाकावरून हात फिरवला, पाठीवरून, खालच्या खोट्या चाकांवरून, पुन्हा नाकावर. बराच वेळ काहीतरी शोधत होती.

"कोपरे नाईत याले," ती म्हणाली.

"नाईत."

"वाफ गरम नाई लागत."

"थंडीच असते, माय. लाइटवर चालते. स्टो नाई लागत याले."

तिचा दुसरा हात बाळाच्या छातीवर होता, वर-खाली होत होता. मग तिनं मान माझ्याकडे वळवली.

"अन् खिडकी?"

म्हणजे तिला माहीत होतं. गोणपाट, बंद दार, स्टो, सगळं. बाबांच्या बरोबर एवढं आयुष्य काढलं, त्यांच्या ताटात रोज भाकरी वाढली, आणि त्याबद्दल तिनं एकदाही ब्र काढला नव्हता.

"उघडी हाय," मी म्हटलं.

"उघडीच ठेव."

मी उठून खिडकीचं दुसरं कवाडही उघडलं. गार वारा आत आला. बाळानं झोपेतच एक लांब श्वास ओढला, आणि आम्ही दोघींनी आपापला सोडला.